चष्म्याचा नंबर वेगळा, आळशी डोळा वेगळा: 'ब्रेन ट्रेनिंग'चा उपयोग नेमका कुठे?

"भाऊ, डोळ्याच्या व्यायामानं नंबर उतरते का जी?" नागपुरातल्या सीताबर्डीच्या चष्म्याच्या दुकानांत हा प्रश्न नेहमीचा. हल्ली त्यात एक भर पडली आहे. व्यायामाऐवजी 'ब्रेन ट्रेनिंग' म्हणतात, मोबाइलवर पट्टे-पट्टे बघायचं अॅप दाखवतात, कुणी डोक्याला यंत्र लावून नजर सुधारते असंही सांगतं. यातलं सगळंच खोटं नाही, म्हणून तर घोळ होतो. मेंदूच्या सरावानं खरोखर सुधारणारा एक आजार आहे. पण तो म्हणजे आळशी डोळा, चष्म्याचा नंबर नव्हे.

आधी नंबराचं बघू. मोठ्या माणसाच्या डोळ्याची लांबी साधारण 24 मिलिमीटर असते. बुबुळ आणि आतलं भिंग मिळून प्रकाश मागच्या पडद्यावर नेमका गोळा करतात. डोळा लांबीला वाढला की प्रकाश पडद्याच्या अलीकडेच गोळा होतो आणि दूरचं धूसर दिसतं. हाच मायनस नंबर. एका मिलिमीटरच्या वाढीला अडीच-तीन नंबर पडतो, इतकं हे नाजूक माप आहे. वाढलेला डोळा कोणत्याही व्यायामानं आखूड होत नाही. विल्यम बेट्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं शंभर वर्षांपूर्वी, स्नायूंचा ताण घालवला की चष्मा सुटतो असं मांडलं. तळहातांनी डोळे झाकणं वगैरे प्रकार तिथूनच लोकप्रिय झाले. त्यानं डोळ्यांना आराम मिळतो, नंबर मात्र जागचा हलत नाही.

आळशी डोळ्याची गोष्ट निराळी आहे. इथे योग्य चष्मा लावूनही तपासणीच्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळी वाचता येत नाहीत आणि डोळा तपासला तर आत बहुतेकदा काही बिघाड सापडत नाही. लहानपणी एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असतो, किंवा डोळा तिरळा असतो, किंवा जन्मतः मोतीबिंदू असतो. मेंदूकडे त्या डोळ्यातून धूसर चित्र जातं, मग मेंदू चांगल्या डोळ्याचंच ऐकायला लागतो. ह्युबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ शिवून ठेवला, तेव्हा मेंदूतल्या बहुतेक पेशी उघड्या डोळ्याकडे वळल्या. नंतर डोळा उघडला तरी फारसा फरक पडला नाही. या कामाचा वाटा असलेलं नोबेल त्यांना 1981 मध्ये मिळालं.

आईबापांनी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं, कारण असं पोरगं तक्रारच करत नाही. दुसऱ्या डोळ्यानं त्याला सगळं दिसत असतं. ते पतंग उडवतं, फळ्यावरचं उतरवून घेतं. शाळेतल्या तपासणीत एकेक डोळा झाकला तरच कळतं. घरीही एक डोळा हातानं नीट झाकून समोरचं कॅलेंडर वाचायला लावा, मग दुसरा. एका बाजूनं पोरगं चिडलं, हात ढकलायला लागलं, तर त्याच आठवड्यात मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या नेत्र विभागात नाहीतर तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

उपचार साधे आहेत. आधी योग्य चष्मा, कारण काही मुलांचा डोळा नुसत्या चष्म्यानंच सुधारतो. मग चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम प्रकारात रोज 2 तासांची पट्टी 6 तासांइतकीच चालते, हे अमेरिकेतल्या 2003 च्या चाचणीत दिसलं. पट्टी टिकत नसेल तर चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब टाकून तो तात्पुरता धूसर करतात. सात वर्षांच्या आत फायदा सर्वांत जास्त, पण 'आठ उलटले, आता काही नाही' हेही चूक. 2005 मध्ये आलेल्या चाचणीत 7 ते 12 वयाच्या, उपचार घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी जास्त मुलं किमान दोन ओळी पुढे गेली.

मोबाइलवरचा तो पट्टे-पट्टे बघायचा सराव मुळात या आळशी डोळ्यासाठीचा. धूसर कडांचे फिकट पट्टे ओळखायचे आणि ते हळूहळू आणखी फिके करत न्यायचे. मोठ्या माणसांच्या आळशी डोळ्यातही त्यानं काही ओळींची सुधारणा नोंदली गेली आहे. मोठेपणी मेंदू पूर्ण गोठलेला नसतो, असा त्याचा अर्थ.

मग यंत्राचं काय? इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये थोडा मायनस नंबर असलेल्या लोकांना हाच सराव दिला आणि सोबत डोक्यावर सौम्य, अनियमित वीजप्रवाह सोडला. दोन आठवड्यांत बिनचष्म्याची नजर सरासरी दीड ओळ सुधारली. नुसत्या सरावाला त्यासाठी आठ आठवडे लागले होते आणि दोन आठवड्यांच्या नुसत्या सरावानं लक्षणीय फरक पडला नव्हता. निष्कर्ष मोलाचा आहे, पण नीट वाचा: सुधारलं ते धूसर चित्रातून अर्थ काढण्याचं मेंदूचं कसब. डोळ्याची लांबी तीच राहते. शिवाय अभ्यास छोटा होता. हे बघून घरी बॅटरीच्या तारा डोक्याला लावू नका, फिट येणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

अमेरिकेत 2015 मध्ये असंच एक अॅप 'नजर सुधारते' असं विकणाऱ्या कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगानं कारवाई केली, कारण दाव्याला पुरेसा पुरावा नव्हता. कंपनीला दीड लाख डॉलर भरावे लागले.

मुलांचा नंबर वाढू नये म्हणून करण्यासारखं जे आहे, ते मोकळ्या उजेडात आहे. रोज दोनेक तास बाहेर घालवणाऱ्या मुलांत लघुदृष्टी, म्हणजे मायनस नंबर, सुरू होण्याचं प्रमाण कमी आढळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो, तेव्हा सकाळी लवकर अंबाझरीच्या बागेत न्या, सावलीतला उजेडही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट असतो. नंबर झपाट्यानं वाढत असेल तर कमी मात्रेच्या अॅट्रोपिनबद्दल डॉक्टरांना विचारा. हे थेंब आळशी डोळ्यासाठी वापरतात त्याहून बरेच सौम्य असतात.

आणि कुणी क्लासवाला 'तीन महिन्यांत चष्मा सुटेल' म्हणाला, तर पैसे भरण्याआधी डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करून नंबर काढून घ्या. कोर्स संपल्यावर त्याच डॉक्टरकडे पुन्हा तसाच काढा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.