कॉक्स बाजारच्या छावण्या : ‘माझी’ नेमला कोणी?

२५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत ७ लाखांहून जास्त रोहिंग्या (म्यानमारमधले अल्पसंख्य मुस्लीम) तिथल्या लष्कराच्या कारवाईतून पळून बांगलादेशात आले. १९७८ आणि १९९१-९२ मध्येही असेच लोंढे आले होते. यावेळी मदतीचे ट्रक नीट सुरू होण्याआधी कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या उखिया आणि टेकनाफ या सीमेलगतच्या तालुक्यांतल्या गावकऱ्यांनीच त्यांना अंगणात आसरा दिला, घरचं जेवू घातलं. या गावकऱ्यांची चितगावी बोली आणि रोहिंग्यांची भाषा इतकी जवळची की दुभाष्याचीही फारशी गरज पडली नाही. पुढच्या कडवटपणात हे सुरुवातीचे दिवस विसरले जातात, म्हणून आधी त्यांची नोंद.

खरा वाद ‘माझी’चा. बंगालीत माझी म्हणजे नावाडी. छावण्यांतली गर्दी आवरण्यासाठी बांगलादेशच्या लष्कराने साधारण शंभर कुटुंबांमागे एक माणूस नेमला, तो माझी. याद्या करणं, मदतीची टोकनं वाटणं, भांडणं मिटवणं, सगळं त्याच्याकडे. त्या घाईत कोणीतरी हवाच होता, हे मान्य. पण नेमणूक वरून झालेली, लोकांना जाब द्यायची सक्ती नाही. यादीत नाव नसलं की ताडपत्री अडली, बांबू अडले. नाव घालायला पैसे मागतात, अशा तक्रारी लवकरच आल्या. त्यात माझी जवळजवळ सगळे पुरुष. नवरा गमावलेल्या, पडदा पाळणाऱ्या बाईने आपल्या अडचणी परक्या पुरुषाला सांगायच्या कशा, याचा विचारच झाला नव्हता.

जास्त खटकतं ते वेगळंच. १९९०च्या दशकापासून असलेल्या नोंदणीकृत छावण्यांत हीच पद्धत अशाच तक्रारींमुळे बंद करून निवडलेल्या समित्या आणल्या होत्या. त्या छावण्या नव्या झोपड्यांना लागूनच होत्या. तो अनुभव कोणी विचारात घेतला नाही. २०१८ पासून मोजक्या छावण्यांत मतदानाने प्रतिनिधी निवडले गेले, बायकाही निवडून आल्या. सगळीकडे मात्र ते झालं नाही.

स्थानिकांचा राग हळूहळू साचला. उखिया-टेकनाफमध्ये ते अल्पसंख्य झाले, रोजंदारी घसरली. सरपणासाठी टेकड्यांवरची झाडं गेली, मग बुंधे मुळासकट उकरले गेले. २०१८ मध्ये छावण्यांत गॅस सिलिंडर आणि शेगड्या येऊ लागल्या, आणि लगतच्या गावांतल्या गरीब कुटुंबांनाही त्या मिळाल्या. सलोख्याच्या कितीतरी बैठकांपेक्षा या निर्णयाचं मोल मला मोठं वाटतं.

नंतर सरकारचा सूर कडक झाला. सप्टेंबर २०१९ पासून जवळपास वर्षभर छावण्यांत मोबाइल इंटरनेटवर निर्बंध होते. काटेरी तारांचं कुंपण उभं राहिलं. २२ मार्च २०२१ च्या आगीत पळताना हेच कुंपण आडवं आलं, असं आगीतून बचावलेल्यांनी सांगितलं. त्या आगीत लोकांना बाहेर काढायला सर्वांत आधी धावले ते छावणीतलेच प्रशिक्षित रोहिंग्या स्वयंसेवक.