जाहिरात दिल्याने सर्चमधला क्रमांक वाढत नाही

‘गूगल सर्चवर जाहिरात सुरू केली की खालच्या फुकटच्या यादीतही आपली वेबसाइट वर येते’ हा मेसेज सीसीटीव्ही बसवणाऱ्या, संगणक दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय.

तसं होत नाही. जाहिरातीची जागा बोलीवर आणि जाहिरातीच्या दर्जावर ठरते, त्यावर ‘प्रायोजित’ अशी खूण असते. खालची यादी वेगळ्या निकषांवर लागते, तिथे पैसे भरायची सोयच नाही.

समज पसरला, त्यालाही कारण आहे. जाहिरात पाहिलेले लोक नंतर दुकानाचं नाव टाकून शोधतात, त्यामुळे फुकटचे क्लिक खरोखर वाढतात. शिवाय आपल्याच फोनवर शोधलं, की ठिकाण आणि जुन्या शोधांमुळे आपली साइट वर दिसू शकते.

पडताळायचं तर आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल हे मोफत साधन उघडा. त्यात फक्त बिनपैशाचे निकाल मोजले जातात. दुकानाचं नाव असलेले शोध फिल्टरने वगळा. ‘सीसीटीव्ही दुरुस्ती’सारख्या एकाच शोधाचा सरासरी क्रमांक जाहिरातीआधीच्या आणि नंतरच्या महिन्यात ताडून पाहा. थोडा चढउतार एरवीही असतोच. चौकशीचे फोन हवे असतील तर जाहिरात जरूर द्या, क्रमांकासाठी मात्र तो खर्च नको.