यकृताला बगल देणारी पट्टी

पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठी, पारदर्शक, त्वचेवर लावल्यावर विसरूनही जावं अशी पट्टी. तिच्यातून दिवसाला ५० मायक्रोग्रॅम इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेन गटातलं स्त्री-हार्मोन) अंगात उतरतं. म्हणजे साधारण मिठाच्या एका कणाएवढं. पाळी जाताना अंगातून निघणाऱ्या वाफा, घामानं भिजणारी उशी, रात्री तीनला टक्क उघडणारे डोळे, हे सगळं आटोक्यात आणायला पुष्कळजणींना एवढं पुरतं. गोळीतून तेच साधायचं तर रोज १ ते २ मिलिग्रॅम घ्यावं लागतं, म्हणजे २० ते ४० पट.

बाकीचा माल जातो कुठे? आतड्यातलं रक्त अंगभर फिरण्याआधी यकृताच्या जकातनाक्यावर थांबतं. (शहरांची जकात गेली, हा नाका मात्र उठलेला नाही.) तिथे बरंचसं इस्ट्राडायॉल इस्ट्रोन या सौम्य हार्मोनमध्ये बदलतं आणि जेमतेम ५ टक्के मूळ रूपात पुढे सरकतं. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण इस्ट्रोजेनचा असा लोंढा आला की यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवू लागतं, आणि पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो.

त्वचेतून गेलेलं औषध थेट रक्तात मिसळतं. त्वचेचा वरचा थर पाण्याला दाद देत नाही, स्निग्ध पदार्थ मात्र त्यात मुरतात. इस्ट्राडायॉल त्याच जातीचं, शिवाय त्याचा रेणू लहान. नेहमीच्या मात्रेच्या पट्ट्या वापरणाऱ्यांत गुठळ्यांचा धोका वाढलेला फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसला नाही.

मग हार्मोन म्हटलं की धडकी का भरते? २००२ मध्ये अमेरिकेतली एक मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली, स्तनाच्या कर्करोगाचं आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसल्यामुळे. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध होतं गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी, जोडीला प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनचं कृत्रिम रूप. पट्टी त्यात नव्हतीच, तरी बदनामी तिच्याही वाट्याला आली. अर्थात पट्टी म्हणजे अभयपत्र नव्हे. स्तनाच्या कर्करोगाचा प्रश्न वाट बदलल्यानं सुटत नाही. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉनही हवं, नाहीतर आतलं अस्तर जाड होत जातं. पिशवी काढलेल्यांना सहसा त्याची गरज नसते. कुणाला काय चालेल, ते डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचं.

लावायची जागा ओटीपोट किंवा कुल्ला. स्तनावर कधीच नाही. परकराची नाडी काचते तिथेही नको, कडा सुटतात. त्वचा कोरडी हवी, तेल-पावडर न लावलेली. आठवड्यातून दोनदा बदलायच्या पट्टीला सोमवार-गुरुवार सोयीचे, उपवासाच्या निमित्तानं लक्षात राहतात. जागा दर वेळी नवी. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, उष्णतेनं औषध भराभर आत जातं. आणि काढलेल्या पट्टीतही बरंच औषध उरलेलं असतं, म्हणून ती चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा कचऱ्याच्या डब्यात टाकायची.