कोंबडी उजेडाचे तास मोजते

दिवाळी सरली की अंडी कमी होतात, हे आमच्या मुरबाडकडे दारात चार कोंबड्या असलेल्या कुणालाही ठाऊक असतं. आजी म्हणायची, "थंडीने आटली." पण आळ थंडीवर, करणी लहान दिवसाची. ठाणे जिल्ह्यात जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरचा जेमतेम 11. अंड्यावरच्या कोंबडीला भरात 14 ते 16 तास उजेड लागतो. म्हणजे आपल्याकडे लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये भर उन्हाळ्यातही दिवा लावावाच लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हिवाळ्यात खुराड्यांत कंदील टांगून पाहिले. अंडी वाढली. दाणे टिपायला जास्त वेळ मिळाला म्हणून वाढली, असा तेव्हाचा समज. पुढे 1920 च्या दशकात विल्यम रोवन यांनी कॅनडाच्या कडाक्यात रानपाखरं संध्याकाळी दिव्याखाली ठेवली, तर त्यांचा विणीचा हंगाम अवेळी जागा झाला. मग 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांनी बदकांवर दाखवलं, की डोळे नसले तरी पक्ष्याला उजेड कळतो. तो कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो, आणि त्यात तांबडा सगळ्यात खोल जातो.

मला हा टप्पा सर्वात मोलाचा वाटतो, कारण विजेची खरी बचत इथून सुरू झाली. कोंबडीला लखलखाट नको, तास हवेत. खाद्याच्या भांड्यापाशी 10-20 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पुरतो. इतकंच काय, दिवा ठरलेल्या वेळांना मध्येमध्ये बंद ठेवला तरी ती त्याला सलग दिवसच धरते. म्हणून तासातली 15 मिनिटंच दिवे लावायचे प्रयोग एलईडी शेडमध्ये यायच्या कितीतरी आधी झाले.

एलईडी त्यानंतरचा. निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला. त्यासाठी जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना 2014 चं नोबेल मिळालं. जानेवारी 2015 मध्ये केंद्र सरकारची स्वस्त एलईडी बल्बची उजाला योजना आली आणि हा बल्ब गावागावांत पोचला. हिशेब सरळ आहे: 60 वॅटचे 40 बल्ब रोज 5 तास लावले तर 12 युनिट, 9 वॅटचे 40 एलईडी लावले तर 1.8. फक्त घेताना पिवळसर उजेडाचा घ्यावा, त्यात तांबडा भाग जास्त असतो.

बिलापेक्षा मला दुसरीच गोष्ट आठवते. लोडशेडिंगच्या दिवसांत काकांच्या शेडमध्ये पहाटे 4 ला दिवे लागायचे आणि थोड्या वेळात जायचे. रोज वेगळ्या वेळी. पंधरवड्यात ट्रे अर्धे रिकामे, खाली पिसांचा सडा. 2400 वॅटचा भार घरच्या इन्व्हर्टरला पेलणारा नव्हता. आता तेवढेच दिवे 360 वॅटवर जळतात. वीज गेली तरी शेडमधला दिवस मोडत नाही. काका फक्त दर आठवड्याला फडकं घेऊन बल्बवरची धूळ पुसतात.