हातची पोथी की शिळाप्रेसची?

वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यात माळा उपसला की बासनात बांधलेली एखादी पोथी हमखास निघते. सुटी आडवी पानं, टपोरं बाळबोध अक्षर, दोन्हीकडे दुहेरी रेघांचा समास. घरचे म्हणतात, पणजोबांनी हातानं लिहिली. पुष्कळदा ती शिळाप्रेसची असते. फसगत होणारच, कारण तिथलं अक्षरही माणसाच्याच हातचं. तेलकट शाईनं कागदावर लिहायचं, ते चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर उलटं उतरवायचं आणि त्या दगडावरून शेकडो प्रती काढायच्या. छपाईचे सुटे खिळे पाडायची कटकटच नाही.

म्हणून वळण पाहून काही ठरत नाही, शाई पाहावी. १० पटीचं भिंग घ्या, पान खिडकीशी तिरपं धरा. बोरू नुकता बुडवलेला असतो तिथं अक्षर काळंभोर, चार-पाच शब्दांनी फिकं, मग पुन्हा एकदम काळं. काना संपतो तिथं शाई साचलेली. शिळाछापात हा चढउतार नसतो. उलट शाई हलकी असेल तर अक्षराभोवती तेलाची पिवळट कड दिसते, पानाच्या पाठीवरही. ओल्या बोटानं मात्र पारख करू नका: काजळ-डिंकाची शाई लगेच फरफटते. उत्तर मिळतं, अक्षर जातं.

दुसरी खूण पिवळी. हातच्या पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळ, म्हणजे एक पिवळं खनिज, फासून वर नव्यानं लिहीत. आपला वाक्प्रचार तिथलाच. एका दगडाच्या काळ्या छापात असा पिवळा पट्टा येत नाही. हरताळात सोमल असतो, तेव्हा थुंकी लावून पानं उलटायची सवय सोडा. लाल रंगावर मात्र भिस्त नको. छापील पोथीतही दंड नि मथळे कोणी मागाहून हातानं रंगवलेले सापडतात.

कागद अर्धीच साक्ष देतो. गिरणीचा कागद तपकिरी होऊन कडेनं तुटतो, हातकागद लवचीक राहतो. पण शिळाछाप हातकागदावरही झाला. शिवाय छापील पोथीची हरवलेली पानं कोणी हातानं लिहून घातलेली असतात, म्हणून प्रत्येक पान तपासावं.

सगळ्यात महाग पडणारी चूक सालाची. शिवलीलामृताच्या शेवटी शके १६४० वाचून लोक पोथी ३०० वर्षांची ठरवतात. ते साल ग्रंथ रचल्याचं. छापील प्रतीतही तेच येतं. नकलेचं साल त्यापुढच्या पुष्पिकेत, म्हणजे नकलनविसानं शेवटी घातलेल्या ओळींत, त्याच्या नावागावाशेजारी असतं. ते खरं का, हे ताडायला शकात १२ मिळवून ६० नं भागा. बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक (बाकी शून्य आली तर साठावा). १६४० चे १६५२, बाकी ३२, म्हणजे विलंबी; शिवलीलामृतातही तेच संवत्सर दिलंय, जुळतं. पुष्पिकेत शक एक नि संवत्सर भलतंच निघालं, तर नकलनविसाची चूक असेल किंवा विकणाऱ्याची करामत.

शिळाप्रेसची निघाली म्हणून रद्दीत घालू नका, जुने छापही दुर्मीळ होत चाललेत. दोन्हींना सेलोटेप नि लॅमिनेशन वर्ज्य. धुतलेल्या मांजरपाटात बांधा, फळी भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात उधई भिंतीवाटे येते. आणि ७५ वर्षांवरचं महत्त्वाचं हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. परदेशातल्या नातलगाकडं पाठवता येत नाही.