कोटातली लोहारआळी आणि 'फिरंगी' शब्दाचा घोळ : पार्श्वभूमी

आम्ही मित्र दर रविवारी फासे टाकून, एकेक पात्र घेऊन एक खेळ खेळतो, आणि कोट हे त्या खेळातलं आमचं काल्पनिक शहर. गेल्या रविवारी खेळताना परत तोच प्रश्न आला. नव्यानं आलेल्या एकानं कोटातल्या लोहारआळीत तलवार घेतली, दुकानदार तिला फिरंगी म्हणाला, आणि ह्यानं विचारलं की या दुनियेत फिरंगी आलेच कुठून, नकाशावर समुद्राच्या पलीकडं तर काहीच काढलेलं नाही. प्रश्न एकदम बरोबर होता आणि त्या दिवशी कुणीच त्याला नीट उत्तर दिलं नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय. फासे कसे टाकायचे, चिलखताचे पॉइंट कसे मोजायचे ते इथं सांगत नाही, ते सगळ्यांना माहितीय.

लोहारआळी पहिल्यांदा मांडली गेली २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, सगळे आपापल्या घरून ऑनलाइन खेळायचो तेव्हा. शहर आपल्या सोलापूरसारखं होतं, इथला भुईकोट आणि तळ्यातलं देऊळ डोळ्यापुढं ठेवून काढलेलं, पण आळी मात्र सगळी बाहेरची. दगडी खोपट, दाढीवाला बुटका लोहार, भिंतीला टांगलेलं डोक्यापासून पायापर्यंत पत्र्याचं चिलखत, आणि सगळी हत्यारं तो एकटाच बनवणार. तेव्हा कुणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही, कारण गेममध्ये लोहार असाच असतो हे आम्ही धरूनच चाललो होतो. पहिली हरकत घेतली ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, आमच्या मित्रानं. त्याच्या घरी माग आहेत. तो म्हणाला, "मे महिन्यात इथं ४३-४४ डिग्री असतंय, पत्रा घालून माणूस वेशीपर्यंत तरी जाईल का बे?"

मग शोधायला लागलो तर कळलं की दख्खनमध्ये तसला अख्खा पत्रा चालतच नव्हता. कड्यांची जाळी, छातीवर आणि पाठीवर छोट्या पट्ट्या जोडलेल्या, आणि आत सुती कापडाचे थरावर थर घालून शिवलेला जाड अंगरखा. १६८९ च्या आदोनीच्या मोहिमेत लुटून नेलेली दख्खनी शस्त्रं आणि चिलखतं बिकानेरच्या शस्त्रागारात गेली, त्यातल्या बऱ्याच नगांवर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं कोरून नोंद केलीय, म्हणून आज ते ओळखता येतं. आता कापसाचा अंगरखा म्हटल्यावर सोलापूरकराला वेगळं काय सांगायचं. तेव्हापासून कोटात लोहाराच्या भिंतीला भिंत लावून मागवाल्याचं घर आहे, आणि चिलखत घ्यायचं तर दोन्हीकडं पैसे द्यावे लागतात. हा बदल सगळ्यांना पटला, त्यावर कधी वाद झाला नाही.

कोटाचा लांबचा इतिहास, म्हणजे तेरसारख्या जुन्या व्यापारी गावांवरून घेतलेलं पहिलं राज्य वगैरे, आम्ही दोन ओळीत संपवलाय आणि माझ्या मते तेवढं पुरे. खरी आळी उभी राहते ती बहमनी आणि त्यानंतरच्या आदिलशाही-निजामशाहीच्या काळावरून, कारण सोलापूरचा किल्ला याच दोघांच्या ओढाताणीत होता, कधी लढाईत तर कधी लग्नाच्या आंदणात इकडून तिकडं जायचा, आणि अशा गावात लोहाराला काम कमी पडत नाही. परंड्याला ठेवलेली मलिक-ए-मैदान तोफ याच काळातली, १५४९ ला अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची, आणि १६३२ ला विजापूरला नेलेली. एकजण म्हणाला होता कोटातल्या लोहारानं पण अशी तोफ बनवलेली दाखवू. ते मी होऊ दिलं नाही. ती तोफ लोखंडाची नाही, ओतीव मिश्रधातूची आहे, आणि ते काम ओतारीचं, लोहाराचं नाही. लोहार ठोकतो, ओतारी ओततो, जिनगर म्यान आणि खोगीर करतो, शिकलगार धार आणि चकाकी देतो. ही चार घरं वेगळी ठेवली तरच ती आळी होते, नाहीतर मग परत तो एकटा दाढीवालाच.

पोलादाचं थोडक्यात सांगतो. आम्ही आधी सगळीकडं वुट्झ लिहिलं होतं, इंग्रजीत वाचून. त्याच पूर्व भागातल्या मित्रानं विचारलं की वुट्झ म्हणजे उक्कूच ना, आमच्या घरी उक्कूच म्हणतेत की. बरोबर आहे, तेलुगूत पण उक्कू आणि कानडीत पण उक्कू, आणि १७९५ पासून इंग्रजी कागदात दिसणारा वुट्झ हा त्याचाच बिघडलेला अवतार असावा असं मानतात. आपल्याच गल्लीत बोलला जाणारा शब्द आपण इंग्रजीकडून मोडका करून परत आणला होता, मला त्याची खरंच लाज वाटली. तेव्हापासून कोटात कानडी आणि तेलुगू घरं उक्कू म्हणतात, दरबारी माणूस पोलाद म्हणतो आणि म्हातारा मराठी लोहार गजवेल म्हणतो.

बनवायची रीत पण इथलीच घेतली. लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालायचे, सोबत तरवडाची लाकडं आणि हिरवी पानं, तोंड मातीनं लिंपून बंद करायचं आणि भात्यावर तासन्‌तास तापवून हळूहळू गार होऊ द्यायचं. लाकडा-पानातला कार्बन लोखंडात उतरतो, एक ते दोन टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातूनच पुढं पात्यावर पाण्यासारखी नक्षी उठते. तरवड म्हणजे नान्नजच्या माळावर पिवळीधमक फुलं येतात तेच झुडूप, ज्याला आपण जाता येता बघतो आणि सोडून देतो. निजामाबादकडच्या कोनासमुद्रमला हे काम एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होतं आणि इराणातले व्यापारी पोलादाच्या वड्या न्यायला तिथपर्यंत यायचे.

आता फिरंगी. हे नीट समजून घ्या, कारण आळीचा सगळा इतिहास या एका शब्दावर अडकलाय.

फिरंगी म्हणजे सरळ, लांब पात्याची तलवार, पातं युरोपातून आलेलं आणि मूठ इथली. शब्द मूळ फ्रँक लोकांवरून अरबी-फारसीत फरंग झाला, आणि तिथून आपल्याकडं. १५१० ला गोवा पोर्तुगीजांकडं गेल्यावर समुद्रावरनं पाती यायला लागली, पुढं जर्मनीतल्या सोलिंगेनची, इटलीतली. इथं त्याला बोटं झाकणारी मूठ बसवायची, मुठीच्या वर खुंटीसारखा दांडा काढायचा म्हणजे दोन हातानं पण मारता येते, पातं मुठीत लाखेनं पक्कं करायचं. १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्रज युवराजाला दिलेली आणि आज लंडनमध्ये असलेली जी तलवार आपण सगळे जगदंबा म्हणून ओळखतो, तिचं पातं पण युरोपी आहे. दांडपट्ट्याची पण कितीतरी पाती बाहेरचीच असायची, ज्या दांडपट्ट्याला २०२४ मध्ये आपल्या राज्यानं राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं.

म्हणजे बघा, आपल्या पोलादाच्या वड्या इराणला जात होत्या आणि परदेशातली पाती इथं येत होती, दोन्ही एकाच काळात. हे ऐकल्यावर आमच्यातले काहीजण नाराज झाले. त्यांचं म्हणणं, मग आपल्या लोहारानं केलं काय, नुसती मूठ बसवली? २०२३ च्या उन्हाळ्यात यावर तीन रविवार गेले. एका बाजूचं म्हणणं होतं की कोटातली सगळी पाती कोटातच बनतात असं लिहा आणि फिरंगी शब्दच काढून टाका, कारण या दुनियेत फिरंग देशच नाही, आणि नवीन माणूस फिरंगी वाचला की त्याला इंग्रज आठवतो. त्यांचा मुद्दा फालतू नव्हता. मी दुसऱ्या बाजूला होतो. माझं म्हणणं, फिरंग नाही म्हणून फिरंगी काढायचा तर इराण पण नाही, मग पोलाद काढा, शिकलगार काढा, म्यान काढा, दस्ताना काढा. आळीत बोलायला शब्दच उरणार नाहीत.

त्यात अजून एक गाठ होती, ती मला एका संग्रहालयात सापडली. काचेमागं एक सरळ तलवार होती, तिच्या पात्यावर मुठीपासून चार बोटं वर एकमेकीकडं तोंड केलेल्या दोन चंद्रकोरी ठोकलेल्या, कडेला बारीक दाते, डोळ्याच्या पापणीसारखे. ही खूण मुळात जेनोवाकडच्या पात्यांची. पण एक कोर दुसरीपेक्षा ठळकपणे मोठी होती आणि दाते वेडेवाकडे, एकदोन तर अर्धवटच उठलेले. युरोपी खुणांची नक्कल करून इथले लोहार पण पाती बनवायचे, अगदी परकी अक्षरं चुकीच्या क्रमानं ठोकलेली पाती सुद्धा मिळतात, कारण गिऱ्हाईक खूण बघून पैसे द्यायचं. ती काचेमागची नक्कलच होती असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण मी त्या कोरींकडं अर्धा तास बघत बसलो. कारण मग फिरंगी हे पात्याच्या गावाचं नाव राहतच नाही, ते आकाराचं, घाटाचं नाव होतं, जसं आपण कुठंही विणलेल्या चादरीला सोलापुरी म्हणून विकलेलं बघतो आणि चिडतो.

शेवटी मत घेतलं, सातात चार-तीन. नकाशावर आणि नियमांच्या पानावर 'दर्यापारी' असं लिहायचं ठरलं. फिरंगी शब्द फक्त आळीतल्या माणसांच्या तोंडी राहील. मी हरलेल्या तिघांत होतो आणि मला आजही दर्यापारी हा शब्द कोरडा वाटतो, त्याला कुणाच्या हाताचा वास नाही. पण ठरलं ते ठरलं, मी नियमांच्या पानावर तोच लिहितो. रविवारचा घोळ यामुळंच झाला, दुकानदार फिरंगी म्हणाला आणि पानावर दर्यापारी. दोन्ही एकच आहेत.

या वादातून एक चांगलं झालं की शिकलगाराला जागा मिळाली. आधी तो नुसता धार लावणारा होता, एका ओळीचा. पण पातं कुठूनही आलं तरी त्याच्यावर शेवटचा हात फिरतो तो शिकलगाराचा, नक्षी वर येते ती त्याच्यामुळं, बोथट तलवार परत जिवंत होते ती त्याच्यामुळं. सैकल म्हणजे चकाकी देणं, त्यावरनं सैकलगार, त्याचा आपला शिकलगार. कोटात आता खोटी चंद्रकोर ओळखायची तर त्याच्याकडंच जावं लागतं.

ठोकायचं काम कसं दिसतं ते पण बदललं, आणि ते मी स्वतः बघून बदललंय. अक्कलकोट रोडच्या कडेला ऊसतोडीच्या आधी घिसाड्यांची पालं पडतात. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसा, बाजूला हातानं फिरवायचा पंखा. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा लाल झाला की नवरा सांडशीनं ऐरणीवर धरतो आणि छोट्या हातोडीनं टक करून जागा दाखवतो, की बायकोचा घण नेमका तिथंच पडतो. टक, धाड, टक, धाड. दोघं एकमेकांकडं बघत पण नाहीत, तिची नजर फक्त त्या हातोडीच्या टोकावर. मग कोयत्याची फक्त धारेची बाजू पाण्यात, चर्रर्र, आणि बाहेर काढून धारेजवळ घासून बघत थांबायचं. पिवळसर रंग सरकत येतो, तो जांभळा व्हायच्या आत परत पाण्यात. त्या बाईंना मी विचारलं कसं कळतं कधी बुडवायचं, तर म्हणाल्या, "रंग सांगतोय की." कोटातल्या मुख्य भट्टीवर घण आता बाईच्या हातात आहे, हे कुणाला खूश करायला टाकलेलं नाही, असंच असतं म्हणून टाकलंय.

नंतरचा काळ खेळात अजून अर्धाच आलाय. मे १८१८ ला सोलापूरचा किल्ला इंग्रजांनी घेतला, १८७८ च्या कायद्यानं हत्यार बाळगायला परवाना लागायला लागला, त्यात बाहेरचं स्वस्त पोलाद गाडीनं येऊन पडायला लागलं आणि मुशी बंद झाल्या. तलवारी ठोकणारे हात विळे, खुरपी, कोयत्याकडं वळले. कोटात याच्यावरून 'शस्त्रबंदी'चा काळ घेतलाय, नव्या राजानं तलवार ठोकायला बंदी केलीय आणि आळीत दिवसा कोयते बनतात. रात्री काय बनतं ते खेळताना शोधायचं.

सध्या आळीत तीन भट्ट्या चालू आहेत, एक मुशीची, दोन ठोकायच्या. मुशीची भट्टी तरवड मिळेपर्यंतच चालते, आणि माळ राजानं कुंपण घालून बंद केलाय. येत्या रविवारी ज्यांना नवीन पातं हवंय त्यांनी आधी तरवड कुठून आणायचा ते बघावं, जुनं पातं असेल तर शिकलगाराकडं न्यावं, आणि दुकानदार फिरंगी म्हणाला तर पानावर दर्यापारी शोधावं.