एका पानावर १६ टेराबाइटचा नकाशा

संगणक अचानक कोलमडला की दोष हमखास व्हायरसच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात खोट अनेकदा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असते. उदाहरणार्थ, मेमरीचा तुकडा परत केल्यानंतरही कोडमधली एखादी ओळ तोच वापरत राहते. अशा चुका पकडण्यासाठी २०१५ मध्ये लिनक्स कर्नलच्या ४.० आवृत्तीत ‘केसॅन’ (कर्नल अ‍ॅड्रेस सॅनिटायझर) ही सोय आली.

केसॅन मेमरीच्या दर ८ बाइटमागे १ बाइटची नोंद वेगळ्या जागी, शॅडो मेमरीत, ठेवते. नोंद ० असेल तर आठही बाइट वापरायला मोकळे, १ ते ७ असेल तर पहिले तेवढेच, आणि ऋण असेल तर पूर्ण मज्जाव. मेमरीला हात लावणाऱ्या सूचनांआधी ही नोंद तपासणारा कोड कंपायलरच, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रामच, पेरून ठेवतो.

खरी मौज यंत्र सुरू होताना आहे. तपासण्या पेरलेल्या असतात, पण नोंदींसाठी मेमरी वाटून देणारी व्यवस्थाच अजून उभी राहिलेली नसते. ६४-बिट इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांवर, चार पातळ्यांची पेज टेबले (पत्ते प्रत्यक्ष मेमरीशी जोडणारे तक्ते) असताना, शॅडोसाठी १६ टेराबाइट पत्ते राखून ठेवलेले असतात. यावरचा तोडगा असा की ४०९६ बाइटचे, शून्यांनी भरलेले मेमरीचे एकच पान (ठरावीक आकाराचा तुकडा) घ्यायचे आणि ते सगळे पत्ते त्याच पानाकडे वळवायचे, म्हणजे कोणतीही नोंद वाचली तरी उत्तर ‘मोकळे’ असेच येते.

मात्र स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, अ‍ॅरे (मूल्यांची सलग रांग) ठेवणारी फंक्शने अ‍ॅरेभोवती मज्जावाच्या खुणा करतात आणि त्या याच सामायिक पानावर उमटतात. एकाची खूण मग असंख्य पत्त्यांना लागू दिसते. म्हणून कर्नलच्या पहिल्या टास्कच्या, म्हणजे चालू कामाच्या, नोंदीतला एक गणक १ वर ठेवून केसॅनच्या तक्रारी दाबलेल्या असतात. खरा शॅडो जोडून झाला की ते पान पुसायचे, केवळ वाचनासाठी खुले ठेवायचे, टीएलबीतल्या (पत्त्यांच्या जोडण्या लक्षात ठेवणाऱ्या प्रोसेसरमधल्या साठ्यातल्या) जुन्या नोंदी काढायच्या आणि मगच गणक ० करायचा. कोड तपासणाऱ्याने पाहायचा तो हा क्रम, कारण गणक आधी ० झाला तर खोट्या तक्रारींचा पाऊस पडतो आणि पान लिहिण्यास खुले राहिले तर कचरा पुन्हा साचतो.

असे साधन बसवले की कर्नल अभेद्य झाला, हा दावा निव्वळ जाहिरातबाजी आहे, कारण केसॅनला प्रत्यक्ष चाललेल्या कोडमधलीच चूक दिसते. शिवाय ते एकमेव पान जोडण्यापूर्वी चालणारा कोड तपासणीतून मुद्दाम वगळावा लागतो. तसे करायचे राहिले तर न जोडलेल्या पत्त्यावरची पहिलीच तपासणी पडद्यावर एकही अक्षर न उमटवता यंत्र थिजवू शकते, आणि वगळलेल्या फाइलींतल्या चुका शोधायला वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.